नीम नाला

आमच्या घरात उर्दू आली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं आणि पहिली नोकरी लागली ती तहसिलीत, कारकून म्हणून. घरात ते मराठीच बोलत, पण सही शेवटपर्यंत उजवीकडून डावीकडे करत. राज्य बदललं, दप्तर मराठीत आलं, तरी जुने कागद जुन्याच लिपीत राहिले. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना शोधत आमच्या नांदेडच्या घरी येत. कुणाचं आज्याच्या वेळचं खरेदीखत, कुणाचं वाटणीपत्र, कुणाची इनामाची नक्कल. अण्णा ते वाचत आणि मराठीत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करून देत.

त्यांची नजर कमी झाली तेव्हा त्यांनी मला हाताशी घेतलं. मी शाळेत मराठी शिकवत होते. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचं, कागदावर भिंग धरायचं आणि एकेक अक्षर त्यांना सांगायचं. त्या काळच्या कारकुनांचा हात घाईचा. अक्षरं एकमेकांना लटकलेली, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, कुठे दिलेले, कुठे विसरलेले. मी अडले की अण्णा विचारायचे, "मागं काय आहे? पुढं काय आहे?" त्यावरून मधला शब्द निघायचा. असं करत करत मला वाचता येऊ लागलं. अण्णा गेल्यावर दारात आलेल्या माणसांना परत पाठवायचं कसं, म्हणून ते काम मी चालू ठेवलं. सगळे मला बाई म्हणायचे, शाळेतले आणि कागदवालेही. मराठी प्रत पूर्ण झाली की खाली मी लिहायचे, 'मूळ उर्दू मजकुरावरून केलेले भाषांतर बरोबर आहे', आणि सही करायचे. पंचवीसेक वर्षं ते वाक्य मी लिहिलं. त्याचा नीट विचार केला, असं मात्र आठवत नाही.

गेल्या दोनेक वर्षांत माणसं कमी झाली. मला वाटलं, कागदच संपत आले असतील. मग लातूरचे एक वकील, जे पूर्वी माझ्याकडे कागद पाठवायचे, त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, आता पक्षकार मोबाईलवरच फोटो काढून तर्जुमा आणून राहिलेत. तुम्ही फक्त तपासून सही द्यायची. तुमचाही वेळ वाचेल."

मी हसले. छापील उर्दू वाचता येत असेल मोबाईलमधल्या त्या एआयला, पण कारकुनाचा हात कसा वाचणार? त्यांनी पाठवलेले पहिले दोन-तीन कागद पाहिले तर माझं हसणं बरोबरच होतं. एका गावाच्या नावाचं त्यानं खरबूज केलं होतं. बाईचं नाव होतं तिथं 'उत्तर दिशा' लिहिलं होतं. मी लाल पेनानं दुरुस्त केलं, शाळेतल्या वह्या तपासते तसं. पण चार-सहा महिन्यांतच लाल पेनाचं काम कमी होत गेलं. एकदा तर मी दोन दिवस भिंगाखाली धरूनही न लागलेला शब्द त्यानं 'पायवाट' म्हणून सांगितला, आणि पुन्हा पाहिलं तर ती पायवाटच होती. मला राग आला नाही. नक्की काय वाटलं तेही सांगता येत नाही. हे वाचतंय की अंदाज करतंय, असा प्रश्न पडला. आणि मग लगेच, मी इतकी वर्षं काय करत होते?

अशातच एका दुपारी मुखेडकडचे एक शेतकरी घरी आले. पंचेचाळिशीचे असतील. पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं जुनं खरेदीखत आणि त्याचा मराठी तर्जुमा होता. तर्जुमा मी केलेला. खाली माझी सही, वीस-बावीस वर्षांपूर्वीची, अजून तरणी दिसणारी.

"बाई, माझे वडील आलते तुमच्याकडं. तुम्हाला ध्यानात नसंल," ते म्हणाले.

मला खरंच आठवत नव्हतं. मी पाणी दिलं आणि विचारलं, "काय अडलं?"

त्यांनी मूळ कागद उलगडून चतुःसीमेवर बोट ठेवलं. पूर्वेला अमक्याचं शेत, दक्षिणेला गाडीवाट, उत्तरेला दुसऱ्याचं शेत, आणि पश्चिमेला दोनच शब्द: नीम नाला.

"तुम्ही काय लिव्हलंय बघा."

मी लिहिलं होतं, 'पश्चिमेस लिंबाचे झाड व नाला.'

"आता ह्ये बघा." त्यांनी फोन पुढं केला. त्याच कागदाचा फोटो, आणि खाली मराठीत आलेला मजकूर. पश्चिमेस: अर्धा नाला.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उर्दूत नीम म्हणजे आपला कडुलिंब, ज्याला इकडं नुसतं लिंब म्हणतात. आणि नीम म्हणजे अर्धा, फारसीतून आलेला. दोन्ही लिहायचे सारखेच, नुक्त्याचाही फरक नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही.

"पण अर्धं म्हणायचं असेल तर हे कारकून बहुतेक निस्फ लिहायचे," मी म्हणाले. "नीम असं सहसा लिहीत नसत."

"सहसा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग त्यांनी बोट तीन ओळी खाली नेलं. तिथं विहिरीतल्या वाट्याचा उल्लेख होता. नीम हिस्सा. आणि माझ्याच तर्जुम्यात त्याचं मी 'अर्धा हिस्सा' केलं होतं.

एकाच कागदावर, एकाच हातानं लिहिलेला एकच शब्द मी वर झाड केला होता आणि खाली अर्धा.

त्यांनी मग सगळं सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी नाल्याला किंमत नव्हती. चार महिने पाणी, आठ महिने दगड. त्यांनी आणि शेजाऱ्यानं मिळून हद्द ठरवायची म्हणून तर्जुमा करून घेतला. त्यात झाड आणि नाला निघाला, म्हणजे यांची जमीन नाल्याच्या काठापर्यंत. नाला शेजाऱ्याचा. कुणी काही बोललं नाही. पुढं त्या नाल्याचं खोलीकरण झालं आणि आता एप्रिलपर्यंत पाणी थांबतं. शेजाऱ्यानं नाल्याच्या पोटाशी विहीर पाडली, मोटर टाकली. यांचा ऊस नाही की काही नाही, पण पोरांसाठी चार झाडं मोसंबीची लावायची होती. पाणी मागितलं तर शेजारी म्हणाला, कागद बघा.

"अर्धा नाला असंल तर अर्धं पाणी माझं हाय," ते म्हणाले. "मी भांडाया न्हाई आलो बाई. तुम्ही एवढं दुरुस्त करून सही द्या."

मी त्यांना चार दिवस मागितले.

ते गेल्यावर मी कागद समोर घेऊन बसले. मागं काय आहे, पुढं काय आहे, तेही करून पाहिलं. मागं 'मग़रिब', म्हणजे पश्चिम, आणि पुढं 'नाला', मध्ये तो शब्द, बाजूला काहीही नाही. माझ्या मराठीत एक 'व' होता. झाड व नाला. तो 'व' मूळ कागदात कुठेच नव्हता. मीच घातला होता.

मग माझ्या फोनवर मी स्वतः फोटो काढून विचारलं. उत्तर आलं: अर्धा नाला. मी लिहिलं, नीम म्हणजे कडुलिंबही होतो. त्यावर फोननं लगेच लिहिलं की आपलं बरोबर आहे, इथं कडुलिंबाचं झाड हाच अर्थ योग्य दिसतो, चुकीबद्दल क्षमस्व. मी जरा सुखावले. मग शंका आली. दुसऱ्या दिवशी नव्यानं विचारलं, पण या वेळी लिहिलं, खाली 'नीम हिस्सा' असं आहे, म्हणजे अर्धाच ना? तर म्हणे आपलं निरीक्षण अचूक आहे, अर्धा हाच अर्थ. मी ज्या बाजूला झुकेन त्या बाजूला ते येत होतं. मी फोन पालथा ठेवला.

आणि तेव्हा मला त्या शेतकऱ्यांचा म्हातारा बाप आठवला. चेहरा नाही, पण आवाज. डोक्याला पांढरा रुमाल होता आणि खुर्ची दिली तरी तो भिंतीला टेकून खाली बसला होता. मी वाचत होते आणि 'नीम' पाशी थांबले होते. तो म्हणाला, "लिंब हाय की बाई तिथं. नाल्याच्या कडंला." मी बरं म्हणाले आणि लिहिलं.

हे खरंच असं झालं होतं का, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण आठवलं ते असं. म्हणजे मी वाचलं होतं की त्याचं ऐकलं होतं? ऐकलं असेल तर त्यात चूक काय? ज्यानं जन्मभर ती जमीन कसली त्याला विचारायचं नाही तर कुणाला? फोनला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यानं नुसता कागद पाहिला. मग त्याचं वाचन जास्त खरं, की कमी? मी यावर दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही वेळा मला पटलं.

शेवटी ठरवलं, जागा बघून यायची. मुलगा म्हणाला, आई, या वयात कुठं शेतं तुडवत जातेस. पण मी गेले. नांदेडहून मुखेडची बस धरली आणि तिथून ते शेतकरी मला काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत घेऊन गेले. पुढं धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, चालत. त्यांच्या मागं मी, साडीचा काठ हातात धरून. काढणी झालेली, तुरीचे खुंट पायाला लागत होते. नाल्यात खरंच पाणी होतं, हिरवट, शांत.

आणि लिंबाची झाडं दोन होती. एक या काठावर, एक पन्नास पावलं पुढं.

"ह्ये माझ्या वडलानं लावलंय," ते शेतकरी पहिल्या झाडाकडे हात करून म्हणाले. "कागदातलं ह्ये असूच शकत न्हाई. अन ते दुसरं आपोआप आलेलं. बारकंच होतं मी शाळंत जायचो तवा."

एवढ्यात पलीकडून शेजारी आले. साठीचे, अंगात बनियन, हातात मोटरची चावी. मी कोण ते यांनी सांगितलं. मला वाटलं, ते काहीतरी तोडून बोलतील. ते पाण्यातून दगडांवर पाय देत अलीकडं आले आणि मला नमस्कार केला.

"बाई, थोरलं लिंब होतं हितं," ते म्हणाले. "लई जुनं. वादळात पडलं. मी ल्हान असताना त्याच्या बुडावर बसून डबा खाल्लाय."

"मी कवा बघितलं न्हाई त्याला," आमचे शेतकरी म्हणाले.

"तू जल्मला न्हवतास."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी त्या जागेकडे पाहिलं. तिथं माती होती, थोडं गवत होतं. खोलीकरणाच्या वेळी जेसीबीनं सगळा काठच खरवडला होता. झाडाचं बुड असतं तरी राहिलं नसतं.

"तुम्ही त्या वेळी सही केली, त्यावर मी हीर पाडली," शेजारी शांतपणे म्हणाले. "आता मोबाईल दुसरंच सांगून राहिला. मग मी काय करावं? हीर बुजवू?"

मी म्हणाले, "तुमचं पाणी बंद व्हावं म्हणून मी आले नाही." पण कशासाठी आले होते, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. शेजाऱ्यांच्या घरून चहा आला. आम्ही तिघांनी धुऱ्यावर बसून घेतला. माझी सही असलेला, त्यांच्याकडचा कागदही शेजाऱ्यांनी घरातून आणून दाखवला, वरून पारदर्शक प्लास्टिक चढवलेला, एखाद्या प्रमाणपत्रासारखा.

घरी आल्यावर मी नवीन कागद लिहिला. पश्चिमेस: नीम नाला. खाली टीप: मूळ शब्दाचे 'कडुलिंबाचे झाड' व 'अर्धा' असे दोन्ही अर्थ संभवतात, मजकुरावरून निश्चित सांगता येत नाही. पूर्वीच्या भाषांतरातील 'व' हे अक्षर मुळात नाही. सही केली. ते नेहमीचं वाक्य मात्र सहीच्या वर लिहिवेना. 'भाषांतर बरोबर आहे' कसं लिहायचं? मी लिहिलं, 'माझ्या समजुतीप्रमाणे'.

त्या शेतकऱ्यांना कागद आवडला नाही. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "ह्याचा उपेग काय बाई? मी तुमच्याकडं पक्कं व्हावं म्हणून आलतो."

मी लातूरच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, कोर्टात 'किंवा' चालत नाही. एक काहीतरी धरा."

"कोणतं धरू?"

"ते तुम्हीच सांगायला पाहिजे. मशीन तर पक्षकाराच्या बाजूनं बोलतंय. तुम्ही स्वतंत्र आहात म्हणून तर तुमची सही लागते."

मी म्हणाले, मला दिसतं तेवढं मी लिहिलं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे वाक्य मोठं सरळ वाटतं, पण बावीस वर्षांपूर्वी मला दिसलं होतं त्यापेक्षा मी जास्त लिहिलं होतं. आणि तेव्हा कुणाचं काही अडलं नव्हतं, उलट दोन शेजारी वीस वर्षं नीट राहिले होते.

पुढं मोजणी झाली. मी तिथं नव्हते, मला फोनवर कळलं. पूर्वी मोजणीला साखळी घेऊन तीन-चार माणसं यायची, आता एकटा माणूस खांबासारखं यंत्र रोवतो आणि आकाशातून माप येतं. त्या मोजणीवाल्यानं जुना नकाशा त्यावर चढवून पाहिला तर नकाशातला नाला आजच्या नाल्यावर बसेचना. तो वीसेक पावलं पलीकडून, शेजाऱ्यांच्या सोयाबीनच्या रानातून जात होता.

"नाला सरकलाय म्हणं," शेतकरी फोनवर म्हणाले. त्यांना हसू येत होतं की काय, कळेना. "आता अर्धा कुठला अन लिंब कुठला."

दोन महिन्यांनी त्यांचा पुन्हा फोन आला. गावातल्या दोघा-तिघांनी बसून मिटवलं होतं. शेजाऱ्यांची विहीर तशीच राहायची आणि यांनी दिवसाआड चार तास मोटर लावायची, मोसंबीपुरती. त्याचा करारनामा केला होता. "मोबाईललाच सांगितलं, असं असं लिहून दे. त्यानं दिलं. तुम्हाला पाठवतो, एकदा नजर फिरवा. सही नको, नुसती नजर."

मी वाचला. चांगला लिहिला होता. मी लिहिला असता तर इतका सुटसुटीत झाला नसता, अण्णांच्या वळणाचे दोन-चार जड शब्द नक्की आले असते. दोन्ही बाजूंचं म्हणणं सारखं आलं होतं, उन्हाळ्यात पाणी आटलं तर काय करायचं तेसुद्धा होतं. पश्चिमेच्या हद्दीला नुसतं 'नाला' लिहिलं होतं. एका जागी एक शब्द मला बदलावासा वाटला. मग वाटलं, कशाला? दोघांना कळतंय ना. मी "ठीक आहे" म्हणून कळवलं. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. तरी त्या दिवशी मी भाजी चिरताना दोनदा थांबले.

आता काम पूर्वीसारखं नाही, पण थांबलेलंही नाही. लातूरहून गठ्ठे येतात, एआयनं केलेल्या तर्जुम्यासकट. मी आधी त्याचा मजकूर झाकून मूळ कागद वाचते, माझं वहीत लिहिते आणि मग दोन्ही शेजारी ठेवते. फरक आला की बसून शोधते, ते जमतं. त्रास होतो तो दोघांचं अगदी जुळल्यावर. तेव्हा मी बरोबर आहे म्हणून जुळलं, की त्याचं वाचून वाचून मीही तसंच वाचायला लागले, हे मला ओळखता येत नाही. पूर्वी मी अडले की कागद आणलेल्या माणसाला विचारायचे, तुमच्याकडं काय म्हणतात याला? आता माणूस येत नाही, फक्त फोटो येतो. विचारायचं तर वकिलांमार्फत, आणि ते म्हणतात, मॅडम, पक्षकाराला विचारून लिहिलं तर ते भाषांतर कसलं? त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

चाकूरकडचा एक कागद चार दिवस टेबलावर पडून आहे. वाटणीचा आहे, तीन भावांचा. एका ओळीत फोन म्हणतो 'विहीर थोरल्याकडे', मला दिसतं 'विहीर थोरल्याकडून'. एकात विहीर थोरल्याला मिळते, दुसऱ्यात त्याच्याकडून जाते. शेवटचं अक्षर पाण्यानं पसरलंय. भिंगानं पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, फोटो मोठा करून पाहिला. काल वकिलांना म्हणाले, त्या घरातल्या कुणाचा तरी नंबर द्या. ते बघतो म्हणाले. अजून आलेला नाही.